लिंबाच्या काडीनं कीड थांबते का?

रात्रीची जेवणं उरकलेली असतात, भांडी पालथी घातलेली असतात, उद्याच्या डब्याला काय द्यायचं हे डोक्यात घोळत असतं आणि तेवढ्यात आठवतं, लेकरानं दात घासलेच नाहीत. ते तर केव्हाच झोपलं. मघाशी रडू नये म्हणून हातात दिलेल्या बिस्किटाचा लगदा तोंडात तसाच. उठवावं का? जाऊ दे, सकाळी घासेल. नांदेड असो की लातूर, असं ‘जाऊ दे’ न म्हणणारं घर मला तरी माहीत नाही.

मग एखाद्या दिवशी ते खळखळून हसतं आणि समोरच्या दुधाच्या दातावर तपकिरी खाच दिसते. आपल्या पोटात गोळा येतो. आधी लेकरावर ओरडतो, मग नवरा-बायको एकमेकांवर, आणि शेवटी अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर उपाय शोधत बसतो. तिथं तर झाडपाल्याचा पूरच आलेला असतो. लिंबाची काडी, बाभळीची साल, लवंगेचं तेल, ज्येष्ठमध, हळद, तिळाचं तेल. पेस्टमध्ये केमिकल असतं, त्यापेक्षा आपलं झाडपाल्याचं बरं, असं वाटायला लागतं. त्यात घरात आजी असतेच. “आम्ही कुठं पेस्टा बघितल्या? काडी मोडायची, चावत चावत शेताकडं निघायचं. बघ, अजून शेंगा दातानं फोडते मी.”

आजीचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, २४व्या अध्यायात, दातवणाची काडी कशी असावी हे अगदी मोजून सांगितलंय. बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड. कडू झाडांत कडुलिंब उत्तम, तुरटांत खैर, गोडांत मोह, तिखटांत करंज. मोह आणि खैर आता घराजवळ सापडायचे नाहीत, पण लिंब आपल्याकडं दारोदारी आहे. बाभूळ बांधावर आहे. आणि झाडपाल्यावरचा मराठी घरांचा विश्वास काही फक्त खेड्यातला नाही. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘विको’ उभी केली, तीही वनस्पतींच्या दंतमंजनाच्या जोरावर.

या काडीत नेमकं काय असतं, हे प्रयोगशाळेतही बघितलं गेलंय. १९९६ मध्ये एका अमेरिकी दंतसंशोधन पत्रिकेत लिंबाच्या काडीच्या अर्काचा अभ्यास छापून आला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. त्या अर्कानं दातावरचे जंतू मेले नाहीत, पण त्यांची चिकटायची ताकद कमी झाली. आपल्या तोंडातले जंतू साखरेपासून एक चिकट लुकण तयार करतात आणि त्याच्या आधारानं दाताला धरून बसतात. काडीतली तुरट द्रव्यं या लुकणाच्या आड येतात. बाभळीच्या सालीतही अशी तुरट द्रव्यं भरपूर, म्हणून ती चावली की हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात.

ज्येष्ठमधाची गोष्टही खरी आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात वेनयुआन शी या संशोधकाच्या गटानं चिनी ज्येष्ठमधाच्या मुळातून जंतूंना रोखणारं द्रव्य वेगळं काढलं. त्याची बिनसाखरेची लॉलीपॉप करून शाळेत जायच्या वयाआधीच्या लहान पोरांना दिली. लॉलीपॉप खाऊन दात सुधारणार, म्हणजे पोरांना स्वर्गच! जंतू कमी झालेही. पण लॉलीपॉप थांबली आणि काही आठवड्यांनी ते पुन्हा वाढायला लागले. आणि आपल्या किराणा दुकानातलं ज्येष्ठमध हे त्याच कुळातलं, पण वेगळ्या जातीचं झाड आहे. खोकल्याला एखादी काडी चघळायला दिली तर हरकत नाही, दातांसाठी रोज रोज भरपूर नको. जास्त झालं तर रक्तदाब वाढतो.

चहाच्या पानातही जंतूंच्या लुकणाला अडवणारी द्रव्यं आहेत. पण आपल्या घरात लेकरू चहा कसा पितं? दोन चमचे साखर आणि वर बुडवून खायला टोस्ट नाही तर खारी. तिथं बिचाऱ्या पानाचं काय चालणार!

या सगळ्यांत मला वाटतं खरा दम झायलिटॉलमध्ये आहे. ही चवीला गोड, पण जंतूंना न पचणारी साखर. जंतू ती खातात, पण तिच्यातून आम्ल तयार करू शकत नाहीत. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९७०च्या दशकात लोकांना दोन वर्षं साखरेऐवजी झायलिटॉल देऊन बघितलं, तेव्हा कीड फार कमी आढळली. ती बर्च झाडाच्या लाकडापासून करतात, मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्यापासून करतात आणि उसाच्या चिपाडापासूनही होऊ शकते. लातूर जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या आवारात चिपाडाचे डोंगर बघितले की माझ्या मनात हे येतंच. बिनसाखरेच्या च्युइंगगमात ती मिळते, पण गम गिळणाऱ्या लहान लेकरांना देऊ नका. पोटात जास्त गेली तर जुलाब होतात आणि घरात कुत्रं असेल तर त्याला ती विष आहे.

मग काडीच द्यावी ना? इथं थोडं थांबू या.

आजी एक गोष्ट सांगायची विसरते. तिच्या लहानपणी तोंडात गोड पडायचं ते सणाला. संक्रांतीला तीळगूळ, माळेगावच्या यात्रेत गोडीशेव आणि रेवड्या. एरवी ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा. भाकरी चावायला वेळ लागतो, लाळ सुटते आणि लाळ दात धुऊन काढते. आज आपण काय करतो? सकाळी दुधात साखर, दहाला बिस्कीट, शाळेतून आल्यावर पाच रुपयांची पुडी, पाहुणे आले की चॉकलेट, अभ्यासाला बसावं म्हणून गोळी, झोपावं म्हणून पुन्हा गोड दूध. लाच म्हणा हवं तर. दमलेल्या माणसाला लवकर शांतता हवी असते, त्यात कुणाचा दोष काढायचा?

पण दाताचं गणित असं आहे की किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते महत्त्वाचं. प्रत्येक वेळी जंतू आम्ल करतात आणि अर्धा-पाऊण तास दाताच्या वरच्या थरातून खनिज झिजत राहतं. मग लाळ हळूहळू ते भरून काढते. तिला मधे वेळच मिळाला नाही, की खाच पडते. एका बैठकीत दोन लाडू खाल्लेले परवडतात, पण दिवसभर खिशातली एकेक गोळी चघळलेली परवडत नाही. आणि झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून झोपताना दिलेलं बिस्कीट सगळ्यांत वाईट.

काडीतली तुरट द्रव्यं जंतूंना थोडं अडवतात, पण झिजलेलं खनिज परत आणून देत नाहीत. ते काम लाळेचं, आणि लाळेला त्यात मोठी मदत होते फ्लोराइडची. फ्लोराइड झाडपाल्यातलं नाही, खनिजातलं आहे. म्हणून दातांचे डॉक्टर फ्लोराइडची पेस्ट सांगतात. झाडपाल्याच्या पुष्कळ पेस्टमध्ये ते नसतं. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, एकदा चष्मा लावून वाचा. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या लेकराला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात, ती लेकरांसाठी नाही.

आता नांदेडकडच्या आई-बाबांना एक वेगळंच कोडं आहे. किनवट भागात काळ्या बेसॉल्टखालचा जुना ग्रॅनाइटसारखा खडक वर आलेला आहे. त्या खडकातून भूजलात फ्लोराइड उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. काही हातपंप-बोअरचं पाणी याच्याही पुढं जातं. केंद्र सरकारनं २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळं होणारा विकार, रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात पुढं नांदेड जिल्हाही आला.

असं पाणी पिणाऱ्या लेकराचे दुधाचे दात बहुतेक चांगले असतात. सहा-सात वर्षांनी कायमचे दात येतात, तेच खडूसारखे पांढरे पट्टे आणि पिवळे-तपकिरी डाग घेऊन. हे डाग वरून बसलेले नसतात. दात हिरडीच्या आत घडत होता तेव्हा, म्हणजे लेकरू रांगत-चालत होतं तेव्हाच ते त्यात उतरलेले असतात.

आणि आपण काय म्हणतो? “नीट घासत नाहीस म्हणून पिवळे झाले.” कुणी राखुंडी आणतं, कुणी मीठ-कोळसा, आणि त्या डागांवर घसाघसा घासायला लावतं. लेकरू बिचारं हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासतं. डाग जात नाहीत. त्याला वाटतं, आपणच घाण आहोत. मग ते फोटोत ओठ मिटून उभं राहतं, वर्गात हसताना तोंडावर हात धरतं, बाईंनी विचारलं तर येत असलेलं उत्तरही देत नाही. दातावरच्या डागापेक्षा मला हा हात जास्त टोचतो. ज्या गोष्टीत त्याची काडीचीही चूक नाही, त्यासाठी त्याला रोज सकाळी बोलणी खावी लागतात.

डाग आणि कीड वेगळी कशी ओळखायची? पाण्याचा डाग साधारण दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखा, आडवा दिसतो आणि दुखत नाही. कीड खाचेत, दोन दातांच्या फटीत किंवा हिरडीलगत सुरू होते, तिथं घास अडकतो, गार-गोड लागलं की कळ येते. दोन्ही एकाच तोंडात असू शकतात, तेव्हा खात्री डॉक्टरच करतील.

गावाच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत मागता येतो, तो तुमचा हक्क आहे. एक लक्षात ठेवा, पाणी उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. आरओच्या यंत्रातून ते बरंच कमी होतं. ज्या गावच्या पाण्यात ते जास्त आहे, तिथं सहा वर्षांच्या आतल्या, पेस्ट गिळणाऱ्या लेकराला कोणती पेस्ट द्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बिनफ्लोराइडची पेस्ट तिथं खरोखर उपयोगी पडू शकते. लातूर शहरात, जिथं २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथं पुष्कळ घरांत आता जारचं पाणी असतं. म्हणजे शेजारशेजारच्या दोन घरांतली लेकरं वेगवेगळं पाणी पितात. एकाला लागू पडलेला सल्ला दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळंही.

झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, या समजुतीची मला जरा भीती वाटते. लवंगेचं तेल मोठ्या माणसाच्या ठणकत्या दाताला कापसानं लावणं वेगळं. तान्ह्या किंवा दोन-तीन वर्षांच्या लेकराच्या पोटात ते चमचाभर जरी गेलं, तरी यकृताला इजा होऊ शकते. बाटली वरच्या फळीवर ठेवा. कडुलिंबाचं तेल लेकराला पाजू तर अजिबात नका, त्यानं तान्ही मुलं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. आणि मिश्री! तंबाखू भाजून केलेली मिश्रीसुद्धा झाडाचीच की. दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. तरी घरोघरी आयाबाया तव्यावर मिश्री भाजतात, बोटानं दातांना लावतात आणि मांडीवरचं नातवंड त्याच बोटाकडं बघत असतं.

काडी द्यायची तर सहा-सात वर्षांच्या पुढच्या लेकराला द्या, तीही आजोबांच्या शेजारी ओसरीवर बसून. तोंडात काडी घेऊन पळालं आणि पडलं, तर टाळूला लागतं. कोवळी काडी, टोक चावून मऊ कुंचा केलेला, वरून खाली हलक्या हातानं. मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला काडी पोचत नाही, तिथं ब्रशच लागतो. म्हणून हौसेनं सकाळी काडी, रात्री ब्रश, असं जमवून घ्या. कडू लागलं म्हणून ते थुंकलं तर थुंकू द्या. नाक दाबून कडू चघळायला लावलेल्या पोराला दात घासणं ही शिक्षाच वाटत राहते.

तसंच “घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील” हेही सोडून द्यायला हवं. घाईत आपल्या सगळ्यांच्याच तोंडून ते निघतं. पण मग खरंच दवाखान्यात न्यायची वेळ येते तेव्हा ते खुर्चीवर बसायलाच तयार नसतं, आणि आपण म्हणतो, किती हट्टी आहे. आणि ‘दाताला कीड लागली’ म्हटलं की काही लेकरांना तर खरंच वाटतं की आपल्या तोंडात अळ्या फिरतायत. त्यांना जवळ घेऊन सांगा, अळी-बिळी काही नसते, साखर खाऊन आंबट करणारे डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात आणि ते सगळ्यांच्याच तोंडात असतात, आईच्यासुद्धा.

रात्रीच्या ब्रशची वेळ जेवणानंतर लगेच ठेवून बघा, झोपेची वाट न बघता. लेकरू पेंगलेलं नसलं की निम्मं भांडण मिटतं. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रशवर आपला हात हवाच, कारण तोवर त्याच्या बोटांना ते बारीक काम नीट जमत नाही. ब्रश झाला की पाण्याशिवाय काही नाही. एखाद्या दिवशी राहिलं तर राहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं.

लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेली आपली मोठी पोरं यातून सुटत नाहीत. रात्री एक वाजेपर्यंत पुस्तक समोर आणि हाताशी गोड चहा नाही तर कोल्ड्रिंक, घोट घोट. मग तसंच उशीवर डोकं. फोनवर आपण विचारतो टेस्टमध्ये किती पडले. कधीतरी हेही विचारू या, झोपताना चूळ तरी भरलीस का रे? तुझा चहा बिनसाखरेचा होईल का बघ. चिडतील, पण ऐकतील.

आणि लहानांबद्दल एक गोष्ट, जी बहुतेकांना कुणी सांगितलेलीच नसते. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत मागं एक मोठी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून आपल्याला वाटतं तीही दुधाचीच असेल, पडून जाईल. ती कायमची असते. तिच्यावर खोल खाचा असतात आणि कीड बहुधा तिथंच आधी लागते. त्या खाचा कीड लागण्याआधी बुजवून घेता येतात, दुखत नाही. नांदेड आणि लातूर दोन्हीकडं दंत महाविद्यालयं आहेत, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात लेकराला दाखवा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातही बघतं. त्या दिवशी लेकराला शाळा बुडवू देऊ नका.

तुमचं लेकरू सहा-सातचं असेल तर आज रात्री त्याला उजेडात आ करायला लावा, मोबाइलची बॅटरी धरा आणि अगदी मागची दाढ बघा. खाच काळी दिसली तर ती ठणकायची वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवून या.